भिंतीलगतचे मेज

२९ फेब्रुवारी १९४० ची रात्र. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात अँबॅसडर हॉटेलचे ‘कोकोनट ग्रोव्ह’ नावाचे भव्य दालन दिव्यांच्या प्रकाशात झगमगत होते. चित्रपटसृष्टीत सर्वश्रेष्ठ समजल्या जाणाऱ्या ऑस्कर पारितोषिकांचा तो बारावा समारंभ होता. नामवंत नटनट्या, दिग्दर्शक आणि निर्माते उंची पोशाख करून आपापल्या मेजांभोवती बसले होते. त्या वर्षी ज्या चित्रपटाचे नाव सर्वांच्या तोंडी होते, त्या ‘गॉन विथ द विंड’ची मंडळीही तेथे एकत्र बसली होती.

त्या चित्रपटातील एक अभिनेत्री मात्र त्या मंडळींत नव्हती. दालनाच्या पलीकडच्या टोकाला, अगदी भिंतीलगत, एक लहानसे मेज मांडले होते. त्या मेजाशी ती बसली होती. तिच्या अंगावर निळसर रंगाचा झगा होता आणि केसांत अनंताची शुभ्र फुले माळलेली होती. ती कृष्णवर्णीय होती. त्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना पाहुणे म्हणून प्रवेश नसे. चित्रपटाच्या निर्मात्याने खास रदबदली केली, म्हणूनच तिला त्या रात्री आत येता आले होते. तेही सर्वांपासून दूर बसण्याच्या अटीवर.

थोड्या वेळाने सहायक अभिनेत्रीच्या पारितोषिकाची घोषणा झाली. नाव पुकारले गेले : हॅटी मॅकडॅनियल! टाळ्यांच्या गजरात भिंतीलगतच्या त्या मेजापासून ती स्त्री उठली आणि साऱ्या मेजांमधून वाट काढीत व्यासपीठावर आली. तिने सर्वांचे आभार मानले. आपल्या समाजाला आणि आपल्या व्यवसायाला आपण नेहमीच भूषण ठरावे, अशी इच्छा तिने व्यक्त केली. बोलता बोलता तिचा कंठ दाटून आला. मग पारितोषिक हाती घेऊन ती पुन्हा आपल्या जागी, भिंतीलगत, जाऊन बसली. ऑस्कर पारितोषिक मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती होती.

ही हॅटी मॅकडॅनियल कोण? तिला भिंतीलगत का बसविले होते? आणि एवढ्या मोठ्या दालनातून तिचेच नाव का पुकारले गेले? या तीन प्रश्नांची उत्तरे तिच्या जीवनकथेत सापडतात.

हॅटी ही चरित्र-अभिनेत्री होती. चित्रपटात नायक आणि नायिका यांच्याभोवती कथा फिरते. परंतु केवळ त्या दोघांवर कथा उभी राहत नाही. घरातील जुनी दाई, कडक आत्या, प्रामाणिक नोकर, गावातील वकील, दुकानदार अशी अनेक माणसे तिला लागतात. ही माणसे साकार करणारे नट म्हणजे चरित्र-अभिनेते. जुना वाडा पाहायला गेलेल्या माणसाचे लक्ष दर्शनी कमानीकडे जाते. पण वरच्या मजल्याचा भार आतले खांब वाहत असतात. चरित्र-अभिनेत्यांचे काम या खांबांसारखे असते. त्यांची नावे जाहिरातीत लहान अक्षरांत येतात, कधी मुळीच येत नाहीत. हॅटीने सुमारे तीनशे चित्रपटांत कामे केली असे सांगतात. पण त्यांपैकी जेमतेम ऐंशी चित्रपटांच्या नामावलीत तिचे नाव झळकले.

हॅटीचा जन्म १० जून १८९३ रोजी कॅन्सस राज्यातील विचिटा या गावी झाला. तेरा भावंडांत ती सर्वांत धाकटी. तिचे वडील हेन्री आणि आई सुझन या दोघांचाही जन्म गुलामगिरीत झाला होता. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात आफ्रिकेतून आणलेल्या लोकांना आणि त्यांच्या वंशजांना गुराढोरांप्रमाणे विकत घेत व विकत असत. या प्रश्नावरून १८६१ मध्ये उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील राज्यांत यादवी युद्ध पेटले. हेन्री उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले व स्वातंत्र्यासाठी लढले. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. युद्धातील दुखापतींमुळे मात्र हेन्रींची प्रकृती कायमची खालावली. हक्काचे निवृत्तिवेतन पदरात पडावे म्हणून त्यांना कित्येक वर्षे सरकारदरबारी खेटे घालावे लागले. घरात दारिद्र्य पाचवीलाच पुजलेले होते.

गुलामांच्या मुक्ततेचे पडसाद आपल्या महाराष्ट्रातही उमटले होते. हॅटीच्या जन्माच्या वीस वर्षे आधी, १८७३ मध्ये, पुण्याचे महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या अमेरिकन सज्जनांनी निःस्वार्थ बुद्धीने गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली, त्यांना जोतीरावांनी तो ग्रंथ अर्पण केला. सातासमुद्रांपलीकडची ती घटना त्यांना आपली वाटली. कारण माणसाने माणसाला हीन लेखण्याची रीत इकडेही होती आणि तिकडेही होती. मात्र ही रीत केवळ कायद्याने नाहीशी होत नाही, हे अमेरिकेत लवकरच दिसून आले. गुलाम स्वतंत्र झाले. पण दक्षिणेकडील राज्यांत त्यांच्यासाठी शाळा वेगळ्या, आगगाडीचे डबे वेगळे, पाणी पिण्याचे नळही वेगळे ठेवण्यात आले. अशा काळात हॅटी लहानाची मोठी झाली.

हॅटी लहान असतानाच मॅकडॅनियल कुटुंब कोलोरॅडो राज्यात गेले व पुढे डेन्व्हर शहरात स्थायिक झाले. आई प्रार्थनामंदिरात भक्तिगीते गात असे. हॅटीलाही गाण्याचा भारी नाद. शाळेत शिकत असताना तिने एका वक्तृत्वस्पर्धेत भाग घेतला आणि एक दीर्घ काव्य असे भावपूर्ण रीतीने म्हणून दाखविले की, तिला सुवर्णपदक मिळाले. त्या दिवसापासून रंगभूमी हेच आपले क्षेत्र, असे तिने मनाशी ठरविले. तिचे भाऊ ओटिस आणि सॅम हेही गाणारे व नट होते. भावांच्या फिरत्या मंडळीबरोबर ती गावोगाव हिंडू लागली. ती गाणी रची, गाई, नाचे आणि लोकांना पोट धरून हसवी.

परंतु कलेवर पोट भरणे सोपे नव्हते. काम मिळाले म्हणजे हॅटी रंगमंचावर उभी राही. काम संपले म्हणजे लोकांच्या घरी स्वयंपाक करी, कपडे धुई, झाडलोट करी. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात डेन्व्हरच्या नभोवाणीवर तिने गायन केले. अमेरिकेत नभोवाणीवर गाणाऱ्या पहिल्या काही कृष्णवर्णीय स्त्रियांत तिची गणना होते. तिच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. आता चांगले दिवस आले असे वाटत असतानाच १९२९ साली अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली. कारखाने बंद पडले, पेढ्या बुडाल्या, नाटकमंडळ्या मोडल्या. हॅटी त्या वेळी मिलवॉकी शहरात होती. तेथील एका करमणूकगृहात स्त्रियांच्या प्रसाधनगृहाची देखभाल करण्याचे काम तिने पत्करले. पाहुण्या स्त्रियांच्या हाती हातपुसणे देणे आणि जागा स्वच्छ ठेवणे, हेच आता सुवर्णपदक मिळविणाऱ्या गायिकेच्या वाट्याला आले होते.

पण हॅटी काम करता करता गुणगुणत असे. तिचा आवाज येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कानी पडे. तिला व्यासपीठावर गाऊ देण्यास मालक प्रथम राजी नव्हता. अखेर एके रात्री तिला संधी मिळाली. ती गायली, आणि श्रोत्यांनी तिला डोक्यावर घेतले. त्यानंतर ती प्रसाधनगृहात परत गेली नाही. त्या करमणूकगृहाची ती नेहमीची गायिका झाली.

१९३१ मध्ये हॅटी लॉस एंजेलिसला आली. हॉलिवूड हे चित्रपटनिर्मितीचे जगप्रसिद्ध केंद्र या शहरातच आहे. तिचा भाऊ सॅम आणि बहीण एटा तेथे आधीच आली होती. सॅमच्या ओळखीने तिला नभोवाणीच्या एका कार्यक्रमात काम मिळाले. तेथे ती फटकळ तोंडाच्या, मालकावर हुकूम गाजविणाऱ्या मोलकरणीची भूमिका करी. श्रोत्यांना ती फार आवडली. पण मोबदला इतका तुटपुंजा होता की, नभोवाणीवर मोलकरणीची भूमिका करणाऱ्या हॅटीला पोटासाठी खरोखरच लोकांच्या घरी मोलकरीण म्हणून राबावे लागे.

१९३२ पासून तिला चित्रपटांत कामे मिळू लागली. प्रारंभी ती अगदी किरकोळ होती. दार उघडायचे, ताट आणून ठेवायचे आणि निघून जायचे. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये कृष्णवर्णीय अभिनेत्रीला मोलकरीण, स्वयंपाकीण किंवा दाई यांपलीकडे भूमिका क्वचितच मिळे. हॅटीने त्या भूमिकांतच आपले कसब दाखविले. १९३४ मध्ये जॉन फोर्ड यांच्या ‘जज प्रीस्ट’ या चित्रपटात तिला गाण्याची संधी मिळाली. १९३५ च्या ‘अ‍ॅलिस अ‍ॅडम्स’मध्ये तिने एक मोठा मजेदार प्रसंग रंगविला. बेताच्या परिस्थितीतील एक कुटुंब श्रीमंतीचा आव आणून पाहुण्याला जेवायला बोलाविते आणि त्या एका संध्याकाळपुरती एक मोलकरीण ठरविते. ही मोलकरीण म्हणजे हॅटी. ती फारसे बोलत नाही. पण तिच्या कंटाळलेल्या चेहऱ्यावरून आणि संथ चालीवरून त्या घराचे सगळे ढोंग उघडे पडते. शब्दावाचून अर्थ व्यक्त करणे हे श्रेष्ठ अभिनयाचे लक्षण आहे, आणि ते हॅटीच्या ठायी होते. १९३६ मध्ये ‘शो बोट’ या संगीतपटात विख्यात गायक पॉल रोबसन यांच्याबरोबर तिने काम केले.

याच सुमारास मार्गारेट मिचेल या लेखिकेची ‘गॉन विथ द विंड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि घरोघर वाचली जाऊ लागली. डेव्हिड सेल्झनिक या निर्मात्याने तिच्यावर चित्रपट काढण्याचे ठरविले. यादवी युद्धाच्या काळातील दक्षिणेकडील एका जमीनदार घराण्याची ती कथा आहे. त्या घरात मॅमी नावाची एक दाई असते. तिने नायिका स्कार्लेट हिला अंगाखांद्यावर खेळविलेले असते. मॅमी गुलाम असली, तरी घरात तिचा दरारा असतो. स्कार्लेटचे लबाड बेत ती चटकन ओळखते आणि तिला तोंडावर सुनावते. या भूमिकेसाठी अनेक अभिनेत्री उत्सुक होत्या. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनीही आपल्या घरी काम करणाऱ्या एका स्त्रीची शिफारस केली होती. परंतु चाचणीच्या वेळी हॅटीने भूमिकेत जो जिवंतपणा आणला, तो पाहून निर्मात्याने तिचीच निवड केली.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हा चित्रपट दिसायला देखणा असला, तरी त्यातील गुलामगिरीचे चित्र खरे नाही. गुलाम आपल्या स्थितीत सुखी होते व मालकांवर प्रेम करीत होते, असा समज तो करून देतो. मूळ कादंबरीत कृष्णवर्णीयांना उद्देशून एक अत्यंत अपमानकारक शब्द वारंवार येतो. तो चित्रपटात असू नये, असा आग्रह कृष्णवर्णीयांच्या संघटनेने आणि कलावंतांनी धरला. आणि तो शब्द गाळण्यात आला. पण कथेचा मूळ दोष राहिलाच. अशा चित्रपटात गुलामांच्या कन्येने गुलाम स्त्रीची भूमिका करायची होती. हॅटीने काय केले? कथा बदलणे तिच्या हाती नव्हते. पण मॅमी तिच्या हाती होती. तिने मॅमीला लाचार होऊ दिले नाही. तिच्या मॅमीची मान ताठ आहे, नजर धारदार आहे आणि बुद्धी घरातील कोणाहीपेक्षा तल्लख आहे.

चित्रपटाच्या अखेरीकडे एक प्रसंग येतो. स्कार्लेटची लहान मुलगी घोड्यावरून पडून मरण पावते. दुःखाने वेडापिसा झालेला बाप मुलीचे दफन करू देत नाही. तेव्हा मेलनी नावाची घरोब्यातील स्त्री धावून येते. मॅमी तिला जिन्यावरून वर घेऊन जाते आणि एकेक पायरी चढता चढता घरात काय घडले ते सांगते. सांगताना तिचा आवाज कापतो, श्वास लागतो, डोळ्यांतून आसवे ओघळतात. तरी बोलणे थांबत नाही. त्या काही क्षणांत नायक-नायिकेचा प्रेक्षकांना विसर पडतो. घराचे सारे दुःख त्या म्हाताऱ्या दाईच्या मुखातून बोलत असते. भिंतीलगतच्या मेजापासून हॅटीला व्यासपीठावर नेले ते अशा अभिनयाने.

मात्र पारितोषिकापूर्वी तिला आणखी एक अपमान गिळावा लागला. १५ डिसेंबर १९३९ रोजी जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात या चित्रपटाचा पहिला खेळ मोठ्या थाटामाटात झाला. नटनट्यांच्या स्वागतासाठी रस्त्यांवर लाखो लोक लोटले. पण जॉर्जियातील कायद्यांप्रमाणे काळे आणि गोरे प्रेक्षक एकत्र बसू शकत नव्हते. त्यामुळे हॅटीला त्या सोहळ्याला जाता आले नाही. चित्रपटाचा नायक क्लार्क गेबल हा तिचा स्नेही. हॅटीला प्रवेश नसेल, तर आपणही जाणार नाही, असे तो संतापाने म्हणाला. तेव्हा हॅटीनेच त्याची समजूत घातली व त्याला जाण्यास सांगितले, असे म्हणतात. त्याच सोहळ्यानिमित्त आदल्या रात्री शहरात एक नृत्यसमारंभ झाला. तेथे गुलामांच्या वेषात कृष्णवर्णीय गायकवृंदाला गोऱ्या पाहुण्यांसमोर गायला उभे केले होते. त्या वृंदात दहा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव मार्टिन ल्यूथर किंग. पुढे मोठेपणी याच मुलाने अहिंसक लढ्याच्या बळावर काळ्या-गोऱ्या भेदाच्या कायद्यांना हादरा दिला.

पारितोषिक मिळाल्यावर हॅटीला मोठमोठ्या भूमिका मिळाल्या असतील, असे कोणालाही वाटेल. तसे झाले नाही. तिच्याकडे पुन्हा मोलकरणींच्याच भूमिका आल्या. १९४२ मधील ‘इन धिस अवर लाइफ’ या चित्रपटात मात्र तिला वेगळी संधी लाभली. कायद्याचा अभ्यास करणाऱ्या एका कृष्णवर्णीय तरुणावर खोटा आळ येतो. त्याच्या आईची भूमिका तिने गंभीरपणे व संयमाने केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांच्या करमणुकीसाठी कृष्णवर्णीय कलावंतांचे पथक संघटित करण्याचे कामही तिने केले.

याच काळात तिच्यावर टीका होऊ लागली, आणि ती स्वकीयांकडून झाली. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचे चिटणीस वॉल्टर व्हाइट यांनी हॉलिवूडच्या निर्मात्यांकडे मागणी केली की, आमच्या लोकांना केवळ नोकर आणि विदूषक म्हणून दाखवू नका. अशा भूमिका करणाऱ्या नटांवरही त्यांनी ठपका ठेवला. हॅटीला हे बोल जिव्हारी लागले. मोलकरीण होऊन आठवड्याला सात डॉलर मिळविण्यापेक्षा मोलकरणीची भूमिका करून सातशे डॉलर मिळविणे काय वाईट, अशा आशयाचे तिचे उत्तर प्रसिद्ध आहे. मोलकरणीचे जिणे तिने प्रत्यक्ष भोगले होते. त्यात लाज वाटावी असे तिला काही दिसत नव्हते.

या वादात खरे कोणाचे? पडद्यावर आपली माणसे सदैव वाकलेलीच दिसली, तर आपल्या मुलांच्या मनात कोणती स्वप्ने जागतील, ही व्हाइट यांची चिंता रास्त होती. बंद दाराला जेवढी फट आहे, तेवढ्यातून आत शिरावे आणि आत गेल्यावर ताठ उभे राहावे, हा हॅटीचा विचारही खोटा नव्हता. खरा दोष दार अरुंद ठेवणाऱ्यांचा होता. पण अन्याय फार काळ चालू राहिला की, त्याचे चटके सोसणारी माणसेच एकमेकांना दोष देऊ लागतात. हॅटीच्या चरित्रातील हा भाग मनाला चटका लावतो.

हॅटी अन्यायापुढे नेहमी गप्पच बसली, असे मात्र नाही. लॉस एंजेलिसच्या ‘शुगर हिल’ या वस्तीत तिने एक सुंदर घर विकत घेतले होते. तेथील जमिनींच्या करारपत्रांत एक अट होती : ही घरे गोऱ्यांशिवाय कोणालाही विकू नयेत. या अटीवर बोट ठेवून काही गोऱ्या रहिवाशांनी हॅटी व तिच्या कृष्णवर्णीय शेजाऱ्यांना घराबाहेर काढण्यासाठी न्यायालयात दावा लावला. हॅटीने आपल्या घरी शेजाऱ्यांच्या बैठका भरविल्या, सर्वांना धीर दिला आणि एकजुटीने लढा दिला. डिसेंबर १९४५ मध्ये न्यायाधीश थरमंड क्लार्क यांनी तो दावा फेटाळून लावला. अमेरिकेच्या राज्यघटनेतील चौदाव्या दुरुस्तीने सर्व नागरिकांना कायद्याचे समान संरक्षण दिले आहे, या तत्त्वाचा त्यांनी आधार घेतला. पुढे १९४८ मध्ये अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने साऱ्या देशासाठी दिला. हॅटीचे घर हॅटीचेच राहिले. पडद्यावर दुसऱ्यांच्या घरची दारे उघडणाऱ्या या स्त्रीने स्वतःच्या घराचे दार मात्र हक्काने राखले.

१९४७ मध्ये नभोवाणीवरील ‘ब्यूला’ या लोकप्रिय मालिकेत तिला मुख्य भूमिका मिळाली. ब्यूला ही कृष्णवर्णीय मोलकरीण होती. पण त्याआधी तिचा आवाज काढण्याचे काम गोरे पुरुष करीत असत! कृष्णवर्णीय स्त्रीने अशा मालिकेची नायिका होण्याचा हा पहिलाच प्रसंग. हॅटीने काम स्वीकारताना अट घातली की, कृष्णवर्णीयांची टवाळी करण्यासाठी वापरली जाणारी मोडकीतोडकी भाषा आपण बोलणार नाही. ती अट मान्य झाली. पुढे हीच मालिका दूरचित्रवाणीसाठी तयार होऊ लागली. पण तिला कर्करोगाने ग्रासले. २६ ऑक्टोबर १९५२ रोजी तिचा अंत झाला.

आपले दफन हॉलिवूडच्या स्मशानभूमीत, आपल्या व्यवसायबंधूंच्या सान्निध्यात व्हावे, अशी तिची अखेरची इच्छा होती. ती स्मशानभूमी केवळ गोऱ्यांसाठी होती. मृत्यूनंतरही हॅटीला जागा नाकारण्यात आली. सर्व वर्णांच्या लोकांना खुल्या असलेल्या रोझडेल स्मशानभूमीत तिला चिरविश्रांती मिळाली. आपले ऑस्कर पारितोषिक तिने वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठाला देऊन ठेवले होते. कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणाचे ते मोठे केंद्र आहे. त्या काळी सहायक भूमिकांसाठी पुतळा देत नसत. लहानशी पाटी देत. ती पाटी काही वर्षे विद्यापीठात होती. पुढे ती कोठे गहाळ झाली, याचा पत्ता लागला नाही.

काळ हळूहळू पालटला. अभिनयाचे ऑस्कर मिळविणारी दुसरी कृष्णवर्णीय स्त्री, व्हूपी गोल्डबर्ग, हिला ते १९९१ मध्ये मिळाले. म्हणजे हॅटीनंतर एक्कावन्न वर्षांनी! १९९९ मध्ये ज्या स्मशानभूमीने तिला नाकारले होते, तेथे नव्या मालकाच्या पुढाकाराने तिचे स्मारक उभे राहिले. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपालखात्याने तिच्या चित्राचे तिकीट काढले. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑस्कर पारितोषिके देणाऱ्या संस्थेने हरवलेल्या पाटीऐवजी तशीच नवी पाटी हॉवर्ड विद्यापीठाला समारंभपूर्वक अर्पण केली.

त्या रात्री दालनात किती मोठमोठी मेजे होती आणि त्यांच्याभोवती कोण कोण बसले होते, हे आज फार थोड्यांना ठाऊक आहे. भिंतीलगतचे ते लहानसे मेज मात्र लोक विसरले नाहीत. माणसाला जागा कोठे मिळते, हे पुष्कळदा दुसऱ्यांच्या हाती असते. मिळालेल्या जागेवर तो कसा उभा राहतो, हे त्याच्या हाती असते. परंतु एवढ्यावर थांबून चालणार नाही. कोणालाही भिंतीलगत बसविले जाऊ नये, ही जबाबदारी दालनातील इतर सर्वांची आहे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे द्या :
(अ) हॅटीचे आईवडील कोणत्या स्थितीत जन्मले होते?
(आ) महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ कोणाला अर्पण केला?
(इ) ‘ब्यूला’ मालिकेत काम करताना हॅटीने कोणती अट घातली?

२. कारणे लिहा :
(अ) हॅटी अटलांटा येथील सोहळ्याला जाऊ शकली नाही.
(आ) न्यायाधीशांनी शुगर हिलच्या रहिवाशांविरुद्धचा दावा फेटाळला.

३. चरित्र-अभिनेत्यांना वाड्याच्या खांबांची उपमा का दिली आहे, ते स्पष्ट करा.

४. वॉल्टर व्हाइट व हॅटी मॅकडॅनियल यांच्यातील मतभेद तुमच्या शब्दांत सांगा. तुम्हाला कोणाचे म्हणणे अधिक पटते, ते सकारण लिहा.

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा : रदबदली करणे, खेटे घालणे, जिव्हारी लागणे, डोक्यावर घेणे.